मिसरीचं बोट

आज सकाळी परदेशातल्या जर्नलचा मेल आला आणि मी तो उभ्या उभ्याच पुन्हा पुन्हा वाचला. व्यसनांवरचा माझा लेख छापून येतोय, आणि त्यातला मिसरीचा भाग आहे तसाच राहतोय. तिकडच्या वाचकांना मिसरी कळणार नाही, म्हणून संपादक तो गाळा म्हणत होते. मी हटूनच बसले, ते नळदुर्गच्या एसटीत शेजारी बसलेल्या एका बाईंमुळं.

पदराआड तोंड करून त्या डबीतली भाजून काळी केलेली तंबाखू उजव्या हाताच्या डागाळलेल्या बोटानं दातांवर फिरवत होत्या. मी लोकांच्या व्यसनांवर लिहिते म्हटल्यावर त्यांचं बोट थांबलं.

"म्हंजी बाप्यांचंच लिवत असताल. आमाला कुनी इचारलंच, तर आमी सांगताव दात घासताव म्हनून." मग त्या खुदकन हसल्या. "पर दिसभर दात कोन घासतंय, बाई?"

जळकोटला त्या उतरून गेल्या. नाव विचारायचं राहूनच गेलं. छापलेला लेख मला त्यांना दाखवायचाय. म्हणून आता एसटीत चढले की मी बायकांचे चेहरे नाही, उजव्या हाताची बोटं बघते.