उष्णता काढणारे गृहस्थ

सन पंच्याऐंशीच्या सुमारास अमेरिकेत वेस्ट विंडसरला कुठल्याही मराठी घरी जेवायला जा, हे गृहस्थ काशाची वाटी आणि तूप घेऊन हजर. दिवसभर लॅबमध्ये धातूंवर रिसर्च करायचे आणि वीकएंडला लोकांचे मोजे उतरवायचे. अंगठा दाबून "हा मेंदूचा पॉइंट" म्हणायचे, मग वाटीने तळवा घासायचे. तूप काळं पडलं की विजयी मुद्रा: "बघा काकू, केवढी उष्णता निघाली!"

भारतातून आलेली माझी आई खूश. काशावर तूप घासलं की काळं पडतंच, हे या धातुपंडिताला ठाऊक नसेल? मी चिडून सगळ्यांसमोर तीच वाटी उकडलेल्या बटाट्यावर तूप लावून घासली. बटाटा काळाकुट्ट!

ते जराही गडबडले नाहीत. "मग? बटाट्यातही उष्णता असतेच."

आईने त्या दिवसापासून बटाटा सोडला.