साडी उद्या मिळेल

आमच्या अमळनेरच्या गल्लीत पिको-फॉल करणारी ती बाई बोलताना स्वतःला वाक्यातून वगळायची. "साडी उद्या मिळेल." "जेवण झालं." 'देते' नाही, 'जेवले' तर कधीच नाही. हे माझ्या ध्यानात यायला वर्ष गेलं. 'देतो' म्हणणं खोटं, कारण ती बाईच होती. 'देते' म्हटलं की गिऱ्हाईक तोंड लपवून हसायचं, कारण गल्लीनं तिला मुलगा म्हणून वाढताना पाहिलं होतं. आम्ही तर महाबनेल! 'भाऊ' की 'अक्का' हे ठरवायला नको म्हणून नुसत्या 'अहो'वर भागवायचो.

तिच्या छातीत धडधडायचं. दवाखान्यात जायची, पण जुनं नाव मोठ्यानं पुकारतील या धास्तीनं नंबर लागायच्या आतच परतायची.

परवा बीपी तपासायला मीही दवाखान्यात तिच्याच बाकावर होतो. कंपाउंडरनं ते पुरुषी नाव पुकारलं. सगळ्या माना पुरुष शोधू लागल्या.

"आला नाही का तो?" कंपाउंडर खेकसला.

ती उठली. पदर खोचला.

"तो नाही आला. मी आले. ते नाव खोडा."

शेजारच्या म्हातारीनं वाट द्यायला पाय आवरले. "जाय अक्का, तुना नंबर शे."

दुसऱ्या दिवशी बायकोची साडी घेऊन गेलो. "अक्का, कधी मिळेल?" म्हणताना माझीच जीभ अडखळली.

मशीन थांबवून तिनं माझ्याकडे नीट पाहिलं.

"उद्या या. मी देते."