भरलेली बाटली

लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला हिंदमाताच्या कापडबाजारात आलेय. कोऱ्या साड्यांचा वास आला आणि ताईचा बस्ता आठवला.

असाच मे महिना होता. करी रोडहून निघाल्यापासून आईने पाण्याचा घोट घेतला नव्हता. दुकानदाराने दिलेला ग्लासही तिने ताईकडे सरकवला. "नको गं, इथे बाथरूमची सोय नाही," ती कुजबुजली.

शालू बघता बघता आई गादीवरच कलंडली. हात गार पडले होते. ताई हाका मारत राहिली, मी तिच्या कोरड्या ओठांवर पाणी सोडत होते. डोळे उघडल्यावर म्हणाली, "पुरे, अजून साड्या बघायच्यात."

मला तिचा भयंकर राग आला होता.

"आई, पाणी प्यायलीस का?" लेक आता विचारतेय. पिशवीतली बाटली सकाळपासून भरलेलीच आहे.

"घरी गेल्यावर पिते," मी म्हणाले.