सरांनी ओवलेली सुई

तिमुर सर गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नेदरलँड्समधल्या आल्मेरे स्टेशनबाहेर सायकलचं कुलूप काढत होते. आमच्या बॉक्सिंग क्लबचा सेक्रेटरी योहान, त्याने ग्रुपवर एकच ओळ टाकली होती... तिमुर आज पहाटे झोपेतच गेला. मी काढलेलं कुलूप परत लावलं आणि तिथेच उभी राहिले. रडू नंतर आलं. आधी आठवला तो व्हादिम नावाचा माणूस, आणि तो अजून जिवंत आहे या विचाराने माझी मूठ आवळली. काही आठवडे झाले, ती मूठ सुटलेली नाही. माणूस गेला की वैर संपतं, असं आपल्याकडे म्हणतात. संपतही असेल. पण इथे गेले ते सर. वैर करणारा ठणठणीत आहे.

सर मूळचे कझाकस्तानचे, सोव्हिएत काळातले बॉक्सर. इथे शाळेच्या जिममध्ये संध्याकाळी बॉक्सिंग शिकवायचे. मी तिथे गेले ती लेकीला, मीराला, सोडायला. आयटीतली नोकरी, दिवसभर खुर्ची, कुणी फुंकर मारली तरी पडेन अशी तब्येत. सरांनी मला बाकावरून उठवलं आणि माझ्या हातांना पट्ट्या बांधायला घेतल्या. मी त्यांना 'सर' म्हणायचे, ते त्यांना फार आवडायचं. दोघांचंही डच मोडकं, त्यामुळे बोलणं थोडं आणि सरळ असायचं. त्यांचा एक नियम होता : हॉलमध्ये येणाऱ्याने प्रत्येकाशी हात मिळवायचा आणि जाताना पुन्हा मिळवायचा. काल ज्याने आपलं नाक फोडलं त्याच्याशीसुद्धा. मीरा एकदा रुसून तशीच निघाली, तर तिला दारातून परत बोलावलं होतं. सराव संपला की सर फाटके ग्लोव्हज घेऊन शिवत बसायचे. साठी ओलांडलेला माणूस चष्म्याशिवाय पहिल्याच प्रयत्नात सुई ओवायचा, दोरा ओढायचा आणि म्हणायचा, "अधू डोळा!" मला वाटायचं, स्वतःच्या म्हातारपणाची थट्टा करत असतील.

ती थट्टा नव्हती, हे कळलं ते आमच्याकडे स्पर्धा होती त्या दिवशी. भारी ओव्हरकोट घातलेला एक वयस्क पाहुणा हात पुढे करून सरांकडे आला, आणि सरांनी... ज्यांनी आम्हाला हात मिळवायला शिकवलं त्या सरांनी, आपले दोन्ही हात पाठीमागे नेले. सगळा हॉल बघत होता. पाहुणा खोटं हसत निघून गेला. तो व्हादिम. नंतर माझ्या हाताच्या पट्ट्या सोडता सोडता सरांनी सगळं सांगितलं. सोव्हिएत बॉक्सर नावालाच हौशी. सर कागदावर कारखान्यात फिटर होते, पण सकाळ-संध्याकाळ रिंगणात घाम गाळायचे. पैसे घेऊन खेळणं म्हणजे अंगाचा बाजार, असं त्यांना शिकवणारा क्रीडा अधिकारी म्हणजे हाच व्हादिम. सोव्हिएत राजवटीच्या शेवटी शेवटी दारं किलकिली झाली, मोजक्या बॉक्सरना बाहेर जाऊन व्यावसायिक होता यायला लागलं. सरांचा खेळ पाहिलेल्या एका डच मॅनेजरने त्यांना करार देऊ केला. पण सर गेले असते तर संघाची पदकं गेली असती, आणि पदकं गेली असती तर साहेबांची खुर्ची. व्हादिमने मॅनेजरला परस्पर कळवलं, या पोराचा एक डोळा अधू आहे. सरांना सांगितलं, त्यांनी तुला नाकारलं. पुढे देशच मोडला. सर इथे येऊन टोमॅटोच्या ग्रीनहाऊसमध्ये राबायला लागले, तेव्हा तोच मॅनेजर भेटला आणि त्याने सहज विचारलं, "डोळा कसा आहे आता?"

"कुठला डोळा?" सर म्हणाले.

तोवर वय निघून गेलं होतं. आणि अंगाचा बाजार नको म्हणणारा व्हादिम आता रॉटरडॅममध्ये बसून व्यावसायिक बॉक्सरांवर गबर झाला आहे.

अंत्यविधीला तो आला. सरांचं जवळचं असं कुणी नव्हतं, त्यामुळे जुना सहकारी म्हणून त्याला बोलू दिलं. तो म्हणाला, "तिमुरला पैशाचा मोह नव्हता. दारं उघडी होती, तो आपणहून गेला नाही." शवपेटीसमोर उभं राहून म्हणाला. सरांचं एक आयुष्य त्याने आधीच खाल्लं होतं, आता उरलेलंही तोंडात टाकत होता. नंतर इथल्या रीतीप्रमाणे कॉफी आणि केकचा तुकडा आला, आणि तो आमच्या क्लबच्या लोकांसमोरून हात पुढे करत निघाला. आधी माझ्यापाशी आला. वयाने एवढा मोठा माणूस... मला नमस्काराची पळवाट होती, मी ती घेतली नाही. मी दोन्ही हात पाठीमागे नेले आणि विचारलं, "आधी सांगा, कुठला डोळा अधू होता? डावा की उजवा?"

शेजारी उभ्या मीराने हात मागे घेतले, मग योहानने, मग सगळ्यांनी. त्याचा हात तसाच हवेत राहिला. मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. पुरेसं मात्र वाटलं नाही.

सर गेले तेव्हा मीराचा ग्लोव्ह अर्धा शिवून झाला होता. तो आम्ही हॉलच्या दाराशी खिळ्याला टांगला आहे, सुई तशीच, ओवलेली. मीरा नवा ग्लोव्ह वापरते. ती शिवण कुणी पूर्ण करायची नाही असं ठरलंय. नवीन कुणी आलं की सगळ्यांशी हात मिळवून तिथे येतं आणि विचारतं, हे काय आहे. मी सांगते की ही सुई आमच्या सरांनी जायच्या आदल्याच आठवड्यात चष्म्याशिवाय ओवली. आणि त्यांचा डोळा अधू आहे असं कोण म्हणालं होतं, तेही सांगते, त्याच्या नाव-आडनावासकट.