जपून ठेवलेला आवाज

खडेबाजारातल्या आमच्या साड्यांच्या दुकानात, गादीवर माझ्या शेजारी अंजनी बसते. वडगावच्या विणकराची सून. दिवसभर साड्या उलगडते, घड्या घालते आणि गिऱ्हाईक नसलं की स्वतः रचलेली गोष्ट मला ऐकवते. तिची पहिली श्रोता मी. या मानाला पगार नाही, पण तो मी दुसऱ्या कुणाला देणारही नाही.

तिच्या घरात पुढच्या खोलीत पॉवरलूम आहेत. माग सुरू झाले की कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. सासू चुलीपाशी ओठ हलवते आणि ही दारातूनच ओळखून मिठाचा डबा नेऊन देते. घरात सगळे असेच बोलतात, ओठांनी आणि हातांनी. लिहिणं मात्र तिला त्या धडधडाटात जमत नाही, म्हणून पहाटे उठते. मधे कधी वीज गेली तर अख्खी गल्ली हळहळते आणि ही बाई हळूच वही उघडून बसते.

लिहून झालं की मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. दुपारी डबे खाऊन आम्ही बायका गप्पा झोडतो तेव्हा ही गोदामात गाठोड्याला टेकून पाय पसरते आणि चकार शब्द काढत नाही. "दुकानात बोलूनच पोट भरतंय गं मंगल," ती मला म्हणाली होती. "थोडं माझ्यासाठी नको व्हय ठेवायला?" नवीन असताना मला हा शिष्टपणा वाटायचा. पण संध्याकाळी आमची तोंडं सुकलेल्या मेथीसारखी होतात आणि हिचं तोंड सकाळचंच असतं, हे बघून माझं मत बदललं.

आमच्या भागात गावोगावी साहित्य संमेलनं भरतात. पुस्तकांची दिंडी, भाषणं, मग सगळ्या गावाला जेवण आणि जेवणानंतर कथाकथन. हातात कागद न घेता गोष्ट सांगायची. यंदा आमच्या बेळगुंदीच्या संमेलनात अंजनीचं नाव मीच घातलं. "ह्या कोण?" संमेलनाच्या मंडळातल्यांनी विचारलं. "ऐकलासा की कळंल," मी म्हटलं. अनोळखी माणसांनी आपली गोष्ट ऐकावी, एवढी एकच हौस तिला होती. ती तिनं मला कधी बोलून दाखवली नाही, पण मला काय डोळे नाहीत?

आणि नेमका लग्नसराईत तिचा घसा बसला. संमेलन रविवारी. डॉक्टरांनी बजावलं, तोवर तोंड उघडायचं नाही. साडीच्या दुकानात न बोलता कसं बसायचं, हे त्यांनी येऊन दाखवावं! शनिवारी मीच मालकांना म्हटलं, "रविराजशेठ, आज ही दाखवंल, मी बोलते." ते म्हणाले, "जमवा."

दुपारी निपाणीकडचा बस्ता आला. बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एका बैठकीत, दोन्हीकडची माणसं घेऊन. नवरीचा शालू वरपक्षानं घ्यायचा. नवरीनं काही मागायचं नसतं, फक्त मान हलवायची. नवरी होती पूर्णिमा, आणि तिची होणारी सासू मालुबाई. मालुबाईंचा आवाज असा की त्यांना मागावर बसवलं असतं तरी ऐकू आल्या असत्या. अंजनी साड्या उलगडत होती, मी बोलत होते. एक म्हातारी कळवळून म्हणाली, "आगं बया, पोरगी मुकी हाय व्हय? हात किती ग्वाड हाईत बघा." अंजनी गालात हसली.

मालुबाईंनी डाळिंबी शालू उचलला. "ह्योच. काय गं पूर्णिमा?" पोरीनं मान हलवली. कलकलाटात कुणी तिच्याकडे नीट पाहिलंही नाही. अंजनीनं पाहिलं. पोरीचे ओठ हलले होते, आवाज न काढता, स्वतःशीच. मागाच्या घरातल्या बाईला तेवढं पुरतं.

अंजनीनं मला कोपरानं ढोसलं. हनुवटीला बोट लावलं, मग नवरीकडे दाखवलं. मी पडले शेतकऱ्याची लेक. मला ती हातांची भाषा कुठून येणार? मला वाटलं, पोरीच्या चेहऱ्याला रंग शोभतो म्हणतेय. मी जोरात म्हटलं, "बघा, आमची अंजनीबी म्हणती, पोरीला ह्योच रंग खुलून दिसतोय!" मालुबाई खूश झाल्या. शेठ शालू बांधायला उठले. अंजनीनं माझ्याकडे असं बघितलं की मला गादीखाली शिरावंसं वाटलं.

मग ती बोलली. फाटक्या, खरखरीत आवाजात.

"मावशी, तिला मोरपंखी पायजे. एकदा तिला इचारा, आनि उत्तर यीपतुर थांबा."

'तिला विचार', एवढंच ते हनुवटीवरचं बोट सांगत होतं. मालुबाईंनी वळून पोरीकडे पाहिलं, आणि खरंच थांबल्या. "व्हय गं?" पूर्णिमाचे डोळे भरले. "व्हय आत्या." मालुबाईंनी डाळिंबी शालू बाजूला सारला. "मग सांगायचं न्हाईस? नेसायचा तुला हाय, मला हाय काय?"

झालं. मुकी बोलती निघाल्यावर बस्त्याला ऊत आला. ही दाखव, ती दाखव, ह्याचा पदर कसा, त्याचा रंग जातो का. जो तो अंजनीलाच विचारायला लागला. मी मधे पडले तर मला कोण विचारतंय! संध्याकाळी ती पायताण घालत होती तेव्हा तिच्या घशातून नुसती हवा येत होती. "आता उद्या गं?" मी रडकुंडीला येऊन विचारलं. तिनं माझा खांदा थोपटला आणि घरी गेली.

रविवारी ती बेळगुंदीला आली. मंडळातले म्हणाले, "बाई, फुडल्या वर्षी सांगा. लोकास्नी ऐकूच येनार न्हाय." तिनं मान हलवून नकार दिला आणि माईक ओठांपाशी ओढला. आवाज उमटला तो कसाबसा. पहिल्या रांगेपलीकडे काही पोचेना. मागं चुळबुळ सुरू झाली. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून आमच्या गावची राजाबाई उठली, पुढे जाऊन मंचाला खेटून खालीच बसली. तिच्यामागून तिची जाऊ गेली. मग बायका उठल्या, बाप्ये उठले, खुर्च्या रिकाम्या टाकून सगळे जमिनीवर दाटीवाटीनं बसले. कुणीतरी पंखेही बंद केले. त्या उकाड्यात सगळं गाव माना पुढे काढून अंजनीच्या तोंडाकडे बघत होतं.

मी उठेपर्यंत पुढे जागाच उरली नव्हती. अंजनीची गोष्ट, आणि मला तिचा एक शब्द ऐकू आला नाही! रिकाम्या खुर्च्यांच्या मागं उभी राहून मी रडले. इतका आनंद मला माझ्या स्वतःच्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.