दिवेलागणीपुरती नोकरी

माझ्या मावसभावाइतका मन लावून रिकामा बसणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा झाला नसेल. बहात्तर-त्र्याहत्तरची गोष्ट. तो गुजरातेत गॅसवरच्या पॉवर हाऊसात नोकरीला होता, आणि ते पॉवर हाऊस दिवसभर बंद असायचं. बिघडलेलं नव्हे हो, मुद्दाम बंद! संध्याकाळी घरोघर दिवे लागून वीज कमी पडायला लागली की वरून फोन यायचा, मग हे लोक ते चालू करायचे. दोन-तीन तासांनी पुन्हा सामसूम. "अरे, मग दिवसभर का नाही चालवत?" मी शंभरदा विचारलं असेल. "गॅस म्हाग पडतो. दिवसा कोळशावर भागतं. पन कोळशाचा बॉयलर तापायला तासन् तास लागत्यात, आमचं धा मिनटात सुरू." वारा दाबायचा, त्यात गॅस पेटवायचा, त्या झोतानं पाती फिरतात. एवढं मला पाठ झालं, कळलं मात्र अजून नाही.

सुट्टीतही तसाच. मावशी म्हणाली, "दळण आण," की डोळे न उघडता विचारायचा, "अर्जंट हाय का?" पण एकदा बारा पाहुणे न सांगता टपकले, तर त्यांचे पाय धुऊन होईस्तोवर पठ्ठ्यानं स्टोव्ह पेटवून पिठलं तयार ठेवलं. मग पुन्हा आडवा.

त्याच्यासाठी संगमनेरकडं मुलगी बघायला गेलो. मुलीचे वडील उसाचे बागाईतदार. म्हणाले, "दिसभर बंद हाय म्हनता, मग पगार कशाचा घेता?"

"तयार राहन्याचा."

"तयार राहून काय करता?"

"फोनची वाट बघतो."

ते माझ्याकडं बघायला लागले, मी पोह्यांकडं. तेवढ्यात दिवेलागण झाली, बल्ब मंदावला, आणि हा सवयीनं ताडकन उठला! अर्धी बशी तशीच ठेवून बल्बाकडं टक लावून उभा. पोहे टाकून नवरदेव उठला म्हणजे मुलगी नापसंत, आमच्याकडं दुसरा अर्थच नाही. वडलांनी कोरडा नमस्कार केला.

एसटीत बसल्यावर हा म्हणतो, "पोरगी लई आवडली." मी कपाळावर हात मारला. "मग निरोप धाड उद्याच, त्यांचा गैरसमज झालाय."

"त्यांचं बोलावनं येऊ दे. बोलावल्याबिगर सुरू व्हायचं न्हाई, नियमच हाय आमचा."

सुट्टी वाढवून महिनाभर तो पोस्टमनच्या वाटेकडं डोळे लावून बसला. मी तरी पत्र का टाकलं नाही, देव जाणे. याची हळहळ मला आजही वाटते.

मग तिचं लग्न झाल्याचं कळलं. तो हळूच म्हणाला, "त्यांच्याकडनं निघताना मला सोडायला घरातलं कुनी उठलं न्हाई. ती मात्र फाटकापतुर आलती. त्येच बोलावनं हुतं का रं?"