कोमट दुधाचा पेला
शेजारी कुणी शेळीची धार काढली की तो कोमट वास येतो आणि माझा हात आधी पोटावर जातो. तेव्हा मला सातवा महिना होता. गोठ्यातल्या शेळीनं दिवस भरायच्या आधीच मेलेलं करडू टाकलं. सासूबाईंनी उघड्या हातानं तिची वार ओढून काढली, हात राखेनं पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून तिचंच दूध मला न तापवता पाजायला लागल्या, कारण पोटुशीला धारोष्ण दूध द्यायचं ही आमच्याकडची रीतच. पुढं रोज दिवेलागणीला मला ताप भरायचा, घामानं गोधडी भिजायची. धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि विचारलं, "घरी शेळीनं करडू टाकलं का?" मग म्हणाल्या, "अशा शेळीच्या कच्च्या दुधातून, वारेतून येणारा हा जंतू पेशीत शिरतो, बारीक नळीतून आपला रस आत सोडतो, मग पेशी त्याला मारायचं सोडून सांभाळत बसते. या जंतूंच्या पूर्वजांकडे ही नळी एकमेकांत जनुकांची देवाणघेवाण करायला होती. पुढच्या पिढ्यांनी ती आपल्यावर वळवली." "माझं बाळ?" मी विचारलं. त्यांनी गोळ्या लिहिल्या आणि दूध उकळूनच प्यायला सांगितलं. एसटीनं घरी आले तर सासूबाई पेला घेऊन दारातच. "पी गं माय, लेकराला लई बळ येतं." पेला देताना त्यांचा हात लागला, तो तापानं भाजत होता. तेवढ्यात पोटात काहीतरी हललं, आणि ते बाळच आहे का, याची मला खात्री वाटेना. तेव्हा पोटात होती ती लेक आता कॉलेजात जाते. तरी दिवेलागणीला ती नुसतं "आई, गरम होतंय" म्हणाली, की मी आधी तिचं कपाळ चाचपते, पंखा मग लावते.